‘वही’च्या प्रकल्प नोंदी : ऑगस्ट ते डिसेंबर २०२५

४ ऑगस्ट, सोमवार

पावसात गेस्ट हाउसवाल्यांना फुरसत असते, त्यामुळे आमचं मोठं काम ह्याच दिवसांत उरकावं लागतं. ‘वही’ ह्या आमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ३ ची यादी लावली. जीएसटीचे दर कोडमधून काढून सेटिंगमध्ये न्यायचे. पाहुण्याचा पासपोर्ट एकदा भरला की सी फॉर्मची (परदेशी पाहुण्याबद्दल सरकारला कळवायची) माहिती तिथूनच तयार व्हावी. आयकॅलने (तारखांची देवाणघेवाण करणाऱ्या फाइलने) बुकिंगच्या साइटशी तारखा जुळाव्यात. थर्मल प्रिंटरवर देवनागरी बिल नीट यावं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ‘वही’ म्हणजे दोन-चार ते दहा खोल्यांची घरं चालवणाऱ्यांसाठी बुकिंग, बिल आणि पाहुण्यांची नोंद. कोड उघडा, लायसन्स एमआयटी. मी फोंड्याला बसून मेंटेनरचं, म्हणजे कोड सांभाळण्याचं, काम बघतो. हिशेबाचा भाग सावंतवाडीच्या भाऊंचा, स्क्रीन मडगावच्या डिझायनरच्या, चाचण्या फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारा एक मुलगा लिहितो. आणि म्हापशाची ताई. तिला कोड येत नाही, पण तिचं चार खोल्यांचं घर ‘वही’वर चालतं आणि कुठली गोष्ट मोडली ते आमच्याआधी तिला कळतं.

११ ऑगस्ट, सोमवार

पणजीजवळच्या एका कंपनीची मेल आली. ते आमचाच कोड स्वतःच्या नावाने सर्व्हरवर चालवून गेस्ट हाउसना महिन्याच्या भाड्याने देतात, हे कानावर होतं. वर स्वतःची भर घातलीय, ती बंद आहे. ह्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, मग वापरा, बदला, विका, असंच एमआयटी सांगतं. त्यांनी ओळ ठेवलीय. ‘आमच्याविषयी’च्या पानावर तळाला बारीक अक्षरांत सापडली.

आता त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची आहे. रक्कम बरी आहे. मला बाहेरची निम्मी कामं सोडून देता येतील इतकी. बदल्यात तीन गोष्टी हव्यात.

पहिली, कोड देणाऱ्या प्रत्येकाने सीएलए हा करार सही करायचा. म्हणजे तुमचा कोड उद्या कुठल्याही लायसन्सखाली, बंदसुद्धा, देण्याचा हक्क कंपनीला. दुसरी, पुढे जो चॅनल मॅनेजर (सगळ्या बुकिंग साइटवरच्या खोल्या आणि दर एकत्र सांभाळणारा भाग) होईल तो पहिले सहा महिने फक्त त्यांच्या ग्राहकांना. तिसरी, आमच्या सर्व्हरवरच्या घरांत किती खोल्या कधी भरल्या, कुठून आलेले पाहुणे होते, ही आकडेवारी ‘नावं काढून’ त्यांना मिळावी. त्यावरून ते लोकांना खोलीचे दर सुचवणार.

उत्तर दिलं नाही. सगळ्यांना मेल पुढे पाठवली.

१८ ऑगस्ट, सोमवार

रात्री कॉलवर बसलो. भाऊंचं म्हणणं सरळ होतं: “पैसे घ्यायला लाज कसली? तीन वर्षं जीएसटीचा कोड फुकट सांभाळतोय. दर बदलला की सगळ्यांचे फोन मलाच.” बरोबर आहे. आमच्याकडे लोकांना वाटतं, ओपन सोर्स म्हणजे देवळातला महाप्रसाद. रांगेत उभं राहायचं आणि पत्रावळ पुढे करायची. वाढपी रजेवर गेला की ओरडायचं.

मुलाचा विरोध सहा महिन्यांच्या अटीला. तो म्हणाला, मी लिहिलेली चाचणी ज्या भागावर चालते तो भाग मलाच बघता येणार नसेल तर मी लिहू कशाला?

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या घरात कोण राहिलं ते मी पोलिसांना कळवते, कारण कायदा आहे. ह्यांना का कळवू? आणि माझ्याच खोल्यांचा आकडा घेऊन मलाच दर सुचवणार? शेजारणीलाही तेच सुचवणार ना?”

तिसरी अट तिथेच निकालात. चार खोल्यांच्या घरात नावं काढली म्हणून काय लपतं? वाड्यावर एकच घर असेल आणि त्या आठवड्यात एकच कुटुंब उतरलं असेल, तर नाव कशाला हवं?

पहिल्या अटीवर मात्र कोणी फारसं बोललं नाही. सगळ्यांना ती कागदोपत्री वाटली. मला तीच मोठी वाटते. त्यावर लिहून पाठवतो म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाठवलेल्या टिपणाचा सारांश इथे ठेवतो.

१० ऑगस्ट २०२३ ला हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म ह्या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स खुल्या एमपीएल २.० वरून स्पर्धकांना अडवणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं. लोकांनी लगेच फोर्क (जुन्या कोडची वेगळी शाखा) केला, ओपनटोफू नावाने तो सप्टेंबरात लिनक्स फाउंडेशनकडे गेला. पुढच्या एप्रिलमध्ये आयबीएमने हॅशिकॉर्प ६.४ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. इलॅस्टिक ह्या सर्च सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०२१ मध्ये खुलं अपाची लायसन्स सोडलं, ॲमेझॉनने ओपनसर्च काढलं, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल ह्या खुल्या लायसन्सचा पर्याय आणला. रेडिस ह्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये खुलं बीएसडी लायसन्स सोडलं, आठवड्याभरात वाल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. मे २०२५ च्या रेडिस ८ मध्ये एजीपीएल आलं.

ह्यात कंपन्याच तेवढ्या लबाड, असं मला म्हणायचं नाही. इलॅस्टिकची तक्रार खोटी नव्हती: कोड आम्ही लिहायचा आणि भाडं मोठ्या क्लाउडवाल्याने खायचं. आज पणजीच्या कंपनीसमोर आम्ही त्याच जागी उभे आहोत, आकडे तेवढे लहान.

पण हे बदल होऊ शकले कसे? टेराफॉर्म आणि इलॅस्टिकमध्ये बाहेरच्यांनी सीएलए सही केले होते, त्यामुळे लायसन्स फिरवण्याची सत्ता एका हातात जमली होती. रेडिसला तेवढ्याचीही गरज पडली नाही. बीएसडी मुळातच सैल, पुढची आवृत्ती कोणत्याही लायसन्सखाली काढा. एमआयटीही तसंच. लिनक्स कर्नलचं बघा. जीपीएल २ (बदलून वाटलंत तर तेही उघडं ठेवा, असं सांगणारं लायसन्स), आणि कॉपीराइट हजारो लोकांमध्ये विखुरलेला. उद्या तो सुरू करणाऱ्या टोरवाल्ड्सच्या मनात आलं तरी त्यांना तो बंद करता येणार नाही. तिथे रेड हॅट, इंटेल, गूगल सगळे पैसे कमावतात, माणसं पगारावर ठेवतात आणि कोड देतात. पैसा भरपूर आहे, फक्त कुलूप कोणाकडे नाही.

म्हणून माझं मत: कंपनीला आमचे तास विकू, सेवा विकू, हवं तर त्यांच्या सोयीचं काम आधी करून देऊ. पण उद्या दार बंद करण्याचा हक्क विकायचा नाही. आणि तो आमच्याकडेही असू नये. आज आम्ही पाच जण बरे आहोत; कर्जाचा हप्ता थकला की मीही बरा राहीन ह्याची हमी कोण देणार?

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान बांधायचं आहे. पाच दिवस कोणी रेपोकडे (कोडच्या साठ्याकडे) फिरकणार नाही, तशी सूचना लावली. कंपनीला “सणानंतर बोलू” कळवलं. त्यांचंही उत्तर लगेच आलं: आम्हीही गावीच.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता, २२ सप्टेंबरपासून. सकाळी उठलो तोवर भाऊंच्या फोनवर मेसेजचा पाऊस. त्यातल्या निम्म्या जणांची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणजे त्यांची नोंदणीच नाही आणि त्यांच्या बिलावर जीएसटीची ओळच येता कामा नये. त्यांनाही धीर द्यावा लागला.

बरं झालं, दर सेटिंगमध्ये नेण्याचं काम यादीत पहिलं होतं. पण नुसता आकडा बदलून भागत नाही. दर बदलतो तेव्हा मधल्या बुकिंगचं काय, हे सीजीएसटी कायद्याचं कलम १४ सांगतं. सोप्या भाषेत: राहणं, बिल आणि पैसे, तीनपैकी दोन ज्या बाजूला, त्या बाजूचा दर. ऑक्टोबरातल्या दोन रात्रींचं, रोजी २,५०० रुपयांचं बुकिंग धरू. पैसेही घेतले आणि बिलही दिलं १५ सप्टेंबरला, तर ५,००० वर १२ टक्के, ६०० रुपये. त्याच पाहुण्याने पैसे आगाऊ दिले पण बिल खोली सोडताना केलं, तर ५ टक्के, २५० रुपये. ३५० रुपयांचा फरक, आणि पाहुणा तो विचारणारच.

भाऊ नियम लिहितायत, मुलगा प्रत्येक शक्यतेची चाचणी.

दुसरं: परदेशी पाहुण्यांसाठी १ सप्टेंबरपासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट गेला. चोवीस तासांत कळवायची शिस्त ताईसारख्यांच्या अंगवळणी आहेच. सी फॉर्मच्या मसुद्यात जिथे जुन्या कायद्याचं नाव छापलं होतं ते काढलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

काल एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांच्या कोठारावर) चॉक, डीबग वगैरे पॅकेजांच्या मेंटेनरला खोट्या मेलने फसवून त्यांत घातक कोड घुसवला गेला. लॉकफाइल (कुठल्या आवृत्त्या वापरायच्या त्याची यादी) तपासली, आमच्याकडे जुन्याच आवृत्त्या पक्क्या केलेल्या, धक्का नाही. आठवड्यातून कोट्यवधी वेळा उतरवली जाणारी ही पॅकेजं मोजक्या माणसांच्या खांद्यावर उभी आहेत. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातही तेच दिसलं: थकलेला एकटा मेंटेनर, आणि मदतीच्या मिषाने वर्ष-दोन वर्षं विश्वास कमावत आत शिरलेला कोणी. मेंटेनरला वेळेवर पगार मिळणं हा सुरक्षेचाच भाग आहे, हे भाऊंच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

कंपनीच्या एका इंजिनिअरकडून पुल रिक्वेस्ट (आमच्या कोडात घ्यायला सुचवलेला बदल) आली. सोबत ओळ: “ऑफिसच्या वेळेत केलंय, साहेबांना विचारून.”

काम चोख. बिलाची तारीख आम्ही सर्व्हरच्या वेळेवरून घेतो, आणि सर्व्हर यूटीसीवर, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. म्हणजे २२ तारखेला मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत केलेलं बिल २१ चं धरलं जाणार आणि त्यावर १२ टक्के लागणार. एरवी हे कोणाच्या नजरेत आलं नसतं. पण मोपाच्या विमानतळावर रात्री उतरलेले पाहुणे दीड-दोनला दारात येतात आणि घरवाले तिथल्या तिथे पैसे घेऊन बिल करतात. त्यांच्या ग्राहकांत अशी घरं जास्त, म्हणून त्यांना दिसलं. त्याने तारखेची तुलना भारतीय वेळेत केली, चाचण्या लिहिल्या, शिवाय आमच्या पद्धतीनेच.

मर्ज केलं (आमच्या कोडात घेतलं), नावासकट आभार मानले. कंपनीच्या अटी एका बाजूला. ह्या इंजिनिअरचं काम दुसऱ्या. दोन्हींची गल्लत करायची नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

रात्री बाराला दर बदलला. ताईने बारा वाजून गेल्यावर मुद्दाम एक खोटं बिल काढून फोटो पाठवला: ५ टक्के. मग झोपली.

दुपारपर्यंत किरकोळ तक्रारी. एकाने “सूट कुठे गेली” विचारलं. त्याच्या खोलीचा दर ८,००० आहे, तिथे १८ टक्केच. मडगावच्या डिझायनर बाईंनी सेटिंगच्या पानावर त्याची ओळ टाकली.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवाडी बेटावर ‘वही’ वापरणाऱ्या काकांकडे गेलो, फेरीतून, प्रिंटरसाठी. त्यांचा ५८ मिलिमीटरचा स्वस्त प्रिंटर. अशा यंत्रात देवनागरीचे टाइप नसतात, म्हणून आम्ही सगळं बिल चित्र करून पाठवतो. जोडाक्षरं आली, पण उजवीकडचा काना-मात्रा कापला जातो. रुंदी ३८४ ठिपके धरली होती, पण त्यांच्या यंत्रात कडेचे काही ठिपके छापलेच जात नाहीत. डावी-उजवी बारा ठिपक्यांची मोकळी जागा सोडली, मग बरं आलं.

चहाबरोबर कंपनीचा विषय निघाला. काका ऐकत होते, मग खाजनाकडे (नदीकाठच्या, बांध घातलेल्या शेतीकडे) बोट करून मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, गोष्ट सांगितली. भरतीला मानशीचं दार मिटतं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडतं, आणि त्या पाण्याबरोबर येणारी मासळी तिथे जाळ्यात धरतात. त्या मासळीच्या हक्काची दरवर्षी पावणी (लिलाव) होते, आणि आलेल्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी ही मूळ रीत. पण कंत्राटदाराला मासळी जास्त हवी, म्हणून तो भरतीलाही दार उघडं ठेवतो. खारं पाणी शेतात शिरतं, बांध पोखरला जातो. “पावणी नको, असं कोण म्हणतो? पैसे तिथूनच येतात,” काका म्हणाले. “पण दार कधी उघडायचं ते कंत्राटदाराने ठरवायचं नसतं. ते गावकारांनी ठरवायचं.”

माझ्या टिपणाला चार पानं लागली होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोंड्याच्या वकील मित्राकडे दोन तास. त्याची फी: फणसाचे तळलेले गरे आणि पुढच्या वेळेला जेवण.

ठरलं ते असं. आवृत्ती ३ पासून एजीपीएल. साध्या जीपीएलमध्ये कोड दुसऱ्याला दिला तरच तो उघडा करावा लागतो; सर्व्हरवर चालवून भाड्याने दिला तर नाही. एजीपीएलचं कलम १३ ती फट बुजवतं: बदललेलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वापरायला दिलं, की वापरणाऱ्यांना तो बदललेला कोड मागता आला पाहिजे. ताईला, काकांना ह्याने काही फरक नाही; ते नुसते वापरतात. गूगलमध्ये एजीपीएलच्या कोडला बंदी आहे, तसं त्यांनीच जाहीर केलंय. चार खोल्यांच्या घराला त्याचं काय?

जुन्या आवृत्त्या एमआयटीखालीच राहणार. दिलेलं परत घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. एमआयटीचा कोड एजीपीएलच्या प्रकल्पात घ्यायला कायद्याने जुन्यांची परवानगी लागत नाही, नोटिस राखली की झालं. तरी आम्ही प्रत्येकाला विचारणार. चार ओळींचा कमिट (कोडात नोंदवलेला बदल) असला तरी.

आणि सीएलए नाही. त्याऐवजी डीसीओ: कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची एक ओळ, की हा कोड द्यायचा मला हक्क आहे. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये हीच पद्धत घेतली. कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडे.

वकिलाने एक खोच काढली, ती रास्त आहे. “म्हणजे तुम्ही स्वतःही पुढे बंद आवृत्ती विकू शकणार नाही. मोठा गिऱ्हाईक आला, त्याला एजीपीएल नको असेल, तर हात बांधलेले.” म्हटलं, हो. त्याचसाठी.

१९ ऑक्टोबर, रविवार

नरकासुराची रात्र. आमच्या वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर ह्या खेपेला मान हलवतो. ती मोटर चालवणारा कोड फर्मागुडीच्या मुलाने लिहिलाय. लायसन्स विचारलं तर म्हणाला, “पहाटे जाळणार आहे.”

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो आणि बॅकअप ठेवायला आम्ही मिनआयओ हे फाइली साठवणारं सॉफ्टवेअर वापरतो. मे महिन्यात त्यांच्या फुकट आवृत्तीच्या वेब कन्सोलमधून ॲडमिनची बहुतेक कामं काढून टाकली होती. आता डॉकर इमेज (लगेच चालवता येणारं तयार पॅकेज) देणंही बंद केलं. कोड उघडा आहे, तुम्हीच बांधून घ्या. ह्या महिन्याचं एक काम वाढलं.

मुलाने लगेच पकडलं: “मिनआयओ एजीपीएलच आहे ना? मग लायसन्स बदलून आपण काय मिळवलं?”

प्रश्न अचूक आहे, म्हणून उत्तर इथे लिहितो. तो कोड एका कंपनीच्या हातात आहे आणि तीच कंपनी तोच माल वेगळ्या व्यापारी लायसन्सखाली विकते. एजीपीएल तिथे दुसऱ्यांना बांधतं, मालकाला नाही. नुसत्या लायसन्सच्या नावावरून काही कळत नाही. कॉपीराइट कोणाकडे, नाव कोणाकडे, रिलीजच्या चाव्या कोणाकडे, हे तिन्ही बघावं लागतं. आणि कंपनीने फुकट इमेज देणं बंद केलं ह्यात तिने कोणाचं देणं बुडवलेलं नाही, हेही खरं. बांधून द्यायचे श्रम कोणीतरी करतच होतं.

आमच्या चाव्या मोजल्या. डोमेन माझ्या नावावर. रेपोचं मालकीचं खातं माझं. सर्व्हरचं बिल माझ्या कार्डावर. उद्या मी पणजीच्या पुलावर स्कूटरसकट पडलो तर ‘वही’ संपली. रेपोला भाऊ आणि मडगावच्या बाई मालक म्हणून जोडले. डोमेनचं नंतर, संस्था झाली की.

५ नोव्हेंबर, बुधवार

परवानग्यांची मेल सगळ्यांना गेली होती. बहुतेकांचे होकार आले. एकजण आता दुबईला आहे, त्याने विचारलं, “मी काय लिहिलं होतं?” त्याचा कमिट पाठवला: पाहुण्याच्या नावातलं ‘ळ’ बिलात ‘ल’ व्हायचं, ते त्याने दुरुस्त केलं होतं. होकार आला, सोबत हसण्याचं चित्र. एकाने नकार दिला. त्याचं मत एमआयटीच खरं स्वातंत्र्य, कंपनीला बंद करायचं तर करू दे. मत मान्य नाही, पण त्याचा भाग (तारखा दाखवणारं कॅलेंडर) मडगावच्या बाई नव्याने लिहितायत. जबरदस्ती करायची नव्हती.

१० नोव्हेंबर, सोमवार

नावाचा प्रश्न. कंपनीने जाहिरातीत ‘वही प्रो’ असं लिहिलंय. लायसन्स कोड देतं, नाव देत नाही. पण आमचंही नाव कुठे नोंदलेलं नाही. वकील म्हणतो, ‘वही’ हा रोजच्या वापरातला, कामाचं वर्णन करणारा शब्द. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ वर हरकत येणार. बोधचिन्हासकट अर्ज करा. वर्ग ९ आणि ४२, एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गाचे ४,५००.

पण व्यक्तीच्या नावाने करायचाच नाही. कोहाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत चालणारं हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ह्या लहान भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये लिहिलं गेलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. जीपीएलखाली. पुढे सेवा विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने न्यूझीलंडमध्येच ‘कोहा’ नावावर हक्क सांगणारा अर्ज केला, आणि २०११ मध्ये तो प्राथमिक पायरीवर स्वीकारलाही गेला. ज्यांनी ते बनवून घेतलं त्या ग्रंथालयाच्या ट्रस्टलाच हरकत घ्यायला वकिलाच्या फीसाठी जगभर हात पसरावे लागले. अर्ज शेवटी फेटाळला गेला. कोड कोणी नेला नव्हता. नावच नेत होते.

कंपनीला दोन ओळी लिहिल्या: आमचा कोड वापरताय हे खुशाल सांगा, पण ‘वही’ हे नाव तुमच्या मालाला लावू नका. आठवड्याच्या आत जाहिरात बदलली. वाद घातला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पैशांचं. सोसायटी नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे निदान सात डोकी हवीत. आम्ही पाच, काका सहावे, सातवा शोधतोय. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी; त्या फंदात तूर्त पडायचं नाही, म्हणजे परदेशी स्पॉन्सरशिपची बटणं लावायची नाहीत. झिरोधाचा फ्लॉस फंड २०२४ पासून वर्षाला दहा लाख डॉलर ओपन सोर्सला देतो, पण प्रकल्पामागे निदान दहा हजार डॉलर. आमच्याएवढ्या कामाला तो आकडा मोठाच आहे, तरी मुलाने फंडिंग डॉट जेसन ही अर्जासाठी लागणारी फाइल रेपोत टाकून ठेवली.

खरा आधार सेवेचाच. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंदा सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, आणि कंपनी होस्टिंग व सपोर्टवर उभी आहे. तेवढी आपली उडी नाही, पण वाट तीच. तीन गोष्टींना पैसे घ्यायचे: आमच्या सर्व्हरवर जागा, फोनवर मदत, आणि सांगितलेलं नवं काम. एसएमएसचा खर्च वेगळा, कारण डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीवर) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक मसुदा नोंदवायला लागतो आणि मेसेजमागे पैसे जातात.

ताईने एक अट घातली, ती जशीच्या तशी दरपत्रकात छापली: सोडून जायचं असेल तर सगळी माहिती एका बटणावर, त्याच दिवशी, फुकट. पणजीच्या कंपनीकडे जायचं असलं तरी.

१ डिसेंबर, सोमवार

आवृत्ती ३ बाहेर. एजीपीएल, डीसीओ, नवं कॅलेंडर. रिलीजच्या टिपणात कंपनीच्या इंजिनिअरचं नाव यूटीसीच्या दुरुस्तीसाठी आहे.

८ डिसेंबर, सोमवार

कंपनीबरोबर पणजीत बैठक. जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरच्या फेस्ताची गर्दी ओसरलेली.

सीएलएला नकार दिला तेव्हा वाटलं होतं, इथेच उठतील. उठले नाहीत. त्यांचे साहेब म्हणाले, “आमच्या गुंतवणूकदाराला कागद दाखवायला लागतो, म्हणून ती अट होती. मला स्वतःला तुमचे तास हवेत.” मग हिशेब असा जमला: ते शेवटच्या एमआयटी आवृत्तीवर राहणार, तिला त्यांच्या खर्चाने सांभाळणार. त्यांचा चॅनल मॅनेजर वेगळा प्रोग्राम असेल आणि ‘वही’शी एपीआयमधून (दोन प्रोग्रामनी बोलायच्या ठरलेल्या वाटेने) बोलेल. तो बंद ठेवायचा की उघडा, त्यांचा प्रश्न. एपीआय मात्र सगळ्यांना सारखा, त्यांच्यासाठी वेगळं दार नाही. आणि सीझनभर महिन्याला ठरावीक तास आमच्याकडून विकत. रक्कम पहिल्या मेलमधल्यापेक्षा पुष्कळ कमी. माझी बाहेरची कामं चालूच राहणार.

भाऊ बैठकीनंतर गप्प होते. मग म्हणाले, “मोठा चेक गेला.” गेला खरा. ते नाराज आहेत आणि त्यांची नाराजी रास्त आहे. जीएसटीचा कोड त्यांच्याच डोक्यावर. विकलेल्या तासांतले निम्मे आधी त्यांना, असं ठरवलं.

एजीपीएलमुळे कंपनी जुन्या आवृत्तीवर अडकली आणि आता दोन शाखा झाल्या, हा तोटा आहेच. यूटीसीसारखी दुरुस्ती पुन्हा त्यांच्याकडून येईल का?

१५ डिसेंबर, सोमवार

आली. त्याच इंजिनिअरकडून, ह्या वेळी घरच्या ईमेलवरून: आयकॅलमध्ये दोन साइटवरून एकाच खोलीचं बुकिंग आलं तर कोणतं आधीचं, त्याची दुरुस्ती. डीसीओची ओळ आहे. पण नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर मालकाचा हक्क असू शकतो, म्हणून कंपनीकडून एक ओळीचं पत्र मागितलं. मर्ज थांबवलाय. तोवर ताईकडे दुहेरी बुकिंग झालंच. एका कुटुंबाला तिने नणंदेच्या घरी उतरवलं.

२२ डिसेंबर, सोमवार

नाताळ ते नवं वर्ष, सगळी घरं भरलेली. २ जानेवारीपर्यंत सर्व्हरवर नवं काही चढवायचं नाही. पत्र आलं, दुरुस्ती मर्ज केली, पण तीही २ तारखेनंतरच चढेल.

मालवणहून एका होमस्टेवाल्याचा फोन. “तुमचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आहे, किंमत काय?” सांगितलं, सॉफ्टवेअरला किंमत नाही; आमच्या सर्व्हरवर ठेवलंत तर महिन्याचे पैसे, मदतीचे वेगळे, आणि स्वतः चालवता येत असेल तर काहीच नाही. थोडं थांबून म्हणाले, “आणि उद्या तुम्ही बंद केलंत तर?” कोडचा पत्ता पाठवला. आणि मुलाचा नंबर दिला, तो त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून देईल, तासाचे पैसे घेईल. शेवटी त्यांनी जीएसटीचं बिल मिळेल का विचारलं. सोसायटी झालेली नाही, सातवा माणूस अजून सही करायचाय. तूर्त साधी पावती मिळेल, असं कळवलं.